पूर की खचणे? चाळीसगाव तालुक्यातील एका घराच्या विमा दाव्याचे प्रकरण

या प्रकरणातील कुटुंब, गाव, विमा कंपनी आणि बँक यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, आणि ओळख पटू नये म्हणून रकमा व काही तपशील थोडे बदललेले आहेत. प्रस्तुत लेखक व्यवसायाने बांधकाम अभियंता असून घरमालकांच्या बाजूने पाहणी करणे, अहवाल लिहिणे आणि दुरुस्तीचा आराखडा करणे एवढे काम त्याच्याकडे होते. त्यामुळे हे कथन पूर्णपणे तटस्थ आहे असा दावा नाही. मात्र आमच्या बाजूने जे चुकले तेही येथे लिहिले आहे.

पार्श्वभूमी

घर चाळीसगाव तालुक्यात, तितूर नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठावरील वस्तीत आहे. मालक निवृत्त प्राथमिक शिक्षक असून गावात त्यांना सगळे आप्पा म्हणतात. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. पूर्वी त्याच जागेवर धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर होते. ते उतरवून २००९ मध्ये हे पक्के घर बांधले गेले. दगडी पाया, त्यावर भार वाहणाऱ्या विटांच्या भिंती आणि वर आरसीसी स्लॅब अशी त्याची रचना आहे. कॉलम-बीमचा सांगाडा नाही, आणि जोत्यावर सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारी काँक्रीटची पट्टीही नाही.

पाया साडेचार फूट खोल आहे. त्या वस्तीत काळ्या मातीचा थर सहा-साडेसहा फुटांपर्यंत जातो आणि त्याखाली मुरूम लागतो, म्हणजे घराचा पाया मुरमापर्यंत पोचलेलाच नव्हता. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात आमच्याकडच्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या दोन-तीन चांगल्या पावसांत त्या मिटतात, हे खानदेशात कोणाला सांगावे लागत नाही. तीच माती घराखाली असते, एवढे मात्र घर बांधताना विसरले जाते.

पुढे घरात दोन बदल झाले. २०१४ मध्ये मागच्या बाजूला, नाल्याच्या उतारावर भराव टाकून स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वाढवले गेले, आणि २०१८ मध्ये पश्चिमेकडच्या स्लॅबवर एक खोली चढवली गेली. २०१९ च्या उन्हाळ्यात जुने घर आणि वाढवलेले स्वयंपाकघर यांच्या सांध्यावर केसाएवढी उभी भेग दिसू लागली होती. गवंड्याने ती पुट्टीने भरून वर रंग मारला होता. पुढे या भेगेला बरेच महत्त्व आले.

विमा उतरवण्याचे निमित्त कर्जाचे होते. जून २०२१ मध्ये मुलाने घराच्या तारणावर कर्ज घेतले तेव्हा बँकेने विमा मागितला. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू झालेली होती आणि तीच घेतली गेली. विमा रक्कम कर्जाएवढी ठेवण्याचा सोपा मार्ग समोर असूनही मुलाने घराचे १,४०० चौरस फूट चटई क्षेत्र आणि बांधकामाचा १,५०० रुपये प्रति चौरस फूट दर धरून २१ लाख रुपये विमा रक्कम लिहिली. जागेची किंमत त्यात धरायची नसते, हे त्याने आधी विचारून घेतले होते. संपूर्ण प्रकरणात सर्वांत शांतपणे घेतला गेलेला निर्णय हाच होता आणि त्याचा लाभ शेवटपर्यंत मिळाला.

घटना आणि पहिले आठ दिवस

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेत मुसळधार पाऊस झाला. ३१ तारखेला तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्यांना पूर येऊन चाळीसगाव शहरासह काठची गावे पाण्याखाली गेली आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. आप्पांच्या घरात पहाटे पाणी शिरले. भिंतीवर राहिलेली गाळाची रेघ जमिनीपासून तीन फूट चार इंचांवर होती. दुपारपर्यंत पाणी ओसरले. नाल्याचा प्रवाह घराच्या ईशान्य कोपऱ्याला घासून गेला होता आणि तेथे जोत्यालगत सुमारे सात फूट लांबीचा खड्डा पडला होता. ईशान्य कोपराच का गेला, यावर गावात वास्तुशास्त्राच्या अंगानेही भरपूर चर्चा झाली. तिचा या अहवालाशी संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दोन्ही भिंतींत विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखे चढत जाणारे तडे दिसले. खिडकीच्या खाली त्यांची रुंदी पाच मिलिमीटर होती, तर स्लॅबजवळ चौदा. इमारतीचा टोकाचा कोपरा खाली बसला की तडा वरच्या बाजूला अधिक रुंद होतो. त्यामुळे कोपरा खाली गेला आहे याबद्दल शंका नव्हती. तो कशामुळे गेला हाच प्रश्न होता.

१ सप्टेंबरला आप्पांनी पॉलिसी विकलेल्या एजंटला फोन केला आणि आपल्या बोलीत जे बोलायचे ते बोलले, “आमनं घर खची गयं, भाऊ.” एजंटने त्याच दिवशी कंपनीच्या क्रमांकावर दावा नोंदवला आणि ६ सप्टेंबरला दावा अर्ज भरला. अर्जात ‘हानीचे कारण’ या रकान्यापुढे त्याने लिहिले, ‘जमीन खचल्यामुळे भिंतींना तडे.’ आप्पांनी त्याखाली सही केली. पूर हा शब्द त्या रकान्यात कोठेही नव्हता.

दरम्यान २ सप्टेंबरला, आणखी पाऊस आला तर भिंत पडेल या धास्तीने आप्पांच्या पुतण्याने कोपऱ्यावरच्या खड्ड्यात दोन ट्रॉली मुरूम टाकून तो भरून घेतला. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणे हे विमाधारकाचे कर्तव्यच आहे, त्यामुळे खड्डा भरण्यात चूक नव्हती. चूक एवढीच झाली की भरण्यापूर्वी त्याचा एकही फोटो काढला गेला नाही. ९ सप्टेंबरला सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासण्यासाठी विमा कंपनीने नेमलेले मूल्यमापक, आले तेव्हा त्यांना दिसले ते तडे गेलेले घर आणि त्याच्या कोपऱ्याला नीट चोपून बसवलेला मुरूम.

अडचण कोठे होती

सर्व्हेअरच्या अहवालाचा सारांश असा होता. पुराचे पाणी घरात आल्याने फरशी, गिलावा, रंग, वीजजोडणी, दारे आणि आवारभिंत यांचे नुकसान झाले आहे व ते देय आहे. भिंतींचे तडे मात्र काळ्या मातीवरील अपुऱ्या खोलीच्या पायाचे जुने बसणे, मागील भराव आणि वरच्या मजल्याचा वाढीव भार यांमुळे पडलेले असून ते पॉलिसीच्या अपवादांत मोडतात.

येथे पॉलिसीची रचना समजून घेणे आवश्यक आहे. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पूर आणि जलमय होणे हे एक संकट म्हणून लिहिलेले आहे, आणि घर ज्या जमिनीवर उभे आहे ती खचणे हे वेगळे संकट म्हणून. दोन्हींना संरक्षण आहे. परंतु खचण्याच्या कलमाला अपवादांची एक लांब शेपटी जोडलेली आहे. नव्या बांधकामाचे नेहमीचे तडे व बसणे, भरावाच्या जमिनीची हालचाल, किनाऱ्याची किंवा नदीकाठची धूप, सदोष आराखडा, काम किंवा साहित्य, तसेच पाडकाम, बांधकाम, संरचनेतील बदल वा खोदकाम यांमुळे झालेले खचणे त्यातून वगळलेले आहे. पुराच्या कलमाला ही शेपटी नाही.

म्हणजे तोच कोपरा, तोच तडा आणि तोच दिवस. तो ‘पूर’ या कलमाखाली वाचला तर पाण्याने पायाखालची माती नेली एवढे दाखवणे पुरेसे होते. ‘खचणे’ या कलमाखाली वाचला तर भराव, उथळ पाया, वरची खोली आणि नदीकाठची धूप असे चार अपवाद एकामागून एक अंगावर येत होते. आणि आमच्याच दावा अर्जाने तो दुसऱ्या कलमाच्या दारात नेऊन उभा केला होता. मराठीत घर खचते, रस्ता खचतो, विहीर खचते आणि माणूसही खचतो. पॉलिसीत मात्र या शब्दाला ठरीव अर्थ आहे, हे सही करताना कोणाच्या मनात आले नाही.

दाव्यातील अंदाजपत्रक एकूण ९,२०,००० रुपयांचे होते. त्यात गाळ व राडारोडा काढण्याचे २२,०००, फरशी, गिलावा व रंगाचे १,१८,०००, वीज व दारांचे ४६,०००, आवारभिंतीचे ५४,०००, ईशान्य कोपऱ्याचा पाया व भिंतींच्या पुनर्बांधणीचे ४,६५,००० आणि मागील स्वयंपाकघर व न्हाणीघराचे २,१५,००० रुपये होते. नोव्हेंबरमध्ये कंपनीने १,६६,७७० रुपये देऊ केले. फरशी, वीज आणि आवारभिंत यांवर तिने २५ टक्के घसारा (वापराने व काळाने किमतीत झालेली घट) वजा केला होता, राडारोड्यासाठी मान्य रकमेच्या दोन टक्के धरले होते आणि शेवटच्या दोन बाबी शून्यावर आणल्या होत्या. सोबत ‘पूर्ण व अंतिम समाधान’ असे छापलेले पावतीपत्र सहीसाठी जोडलेले होते.

पर्यायांचा विचार

नोव्हेंबरच्या शेवटी आप्पा, मुलगा आणि मी अशी बैठक झाली. ओट्यावर बसून बोलत असताना आप्पांचे लक्ष सारखे कोपऱ्याला लावलेल्या टेकूंकडे जात होते. पैशांपेक्षा पुढच्या पावसाळ्याची चिंता त्यांना अधिक होती आणि ती रास्त होती. निर्णय काहीही झाला तरी जूनपूर्वी पाया दुरुस्त होणे अपरिहार्य होते.

पहिला पर्याय होता मिळेल ते घेऊन मोकळे होण्याचा. आप्पांचा कल सुरुवातीला तिकडेच होता. केवळ पावतीपत्रावर सही केल्याने विमाधारकाचा हक्क प्रत्येक वेळी संपतोच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगितले आहे, आणि २०१५ मध्ये विमा नियामकानेही अशा पावत्या विमाधारकाचे हक्क बंद करण्यासाठी वापरू नयेत असे कंपन्यांना कळवले होते. परंतु सही दबावाखाली झाली हे पुढे सिद्ध करत बसणे ही वेगळीच लढाई असते. त्यामुळे ‘अमान्य बाबींवरील हक्क राखून, वादातीत रक्कम स्वीकारण्यास तयार’ असे पत्र देण्याचे ठरले आणि छापील पावतीवर सही केली गेली नाही.

दुसरा पर्याय जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा होता. त्यासाठी दोन वर्षांची मुदत हाताशी होती. तेथे तज्ज्ञांची उलटतपासणीही होऊ शकते, आणि पाया व माती यांसारख्या वादात ते उपयुक्त ठरते. पण लागणारा काळ आप्पांच्या पावसाळ्याच्या मुदतीत बसणारा नव्हता.

तिसरा पर्याय विमा लोकपालाचा, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा. जळगाव जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, त्या वेळी तीस लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा आदेश देण्याचा अधिकार लोकपालांना होता आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, विमाधारकावर नाही. तो मान्य न झाल्यास पुढचे दरवाजे उघडे राहतात. अट अशी की आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी निवेदन द्यावे लागते आणि एक महिन्यात उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर असमाधानकारक असल्यासच लोकपालाकडे जाता येते. हाच मार्ग निवडला गेला.

या बैठकीतील खरा वाद मात्र २०१९ च्या भेगेवरून झाला. ती सांगायची की नाही? मुलाचे म्हणणे होते की सर्व्हेअरने विचारलेले नाही, मग आपण होऊन कशाला सांगायचे. माझे मत वेगळे होते. ती भेग पुट्टीखाली आजही होती, कोणीही खरवडली असती तरी दिसली असती, आणि लपवलेली जुनी भेग सापडली की नव्या तड्यावरचा विश्वासही जातो. आप्पांनी वाद मिटवला. ज्या सांध्यावर ती भेग आहे तो स्वयंपाकघराचा आहे, कोपऱ्याचा नाही, आणि जे आहे ते लिहून द्यायचे, असे त्यांनी सांगितले. त्याचा अर्थ २,१५,००० रुपयांची बाब जवळजवळ सोडून देणे असा होतो, हे त्यांना तेथेच स्पष्ट केले होते.

केलेली कार्यवाही

तांत्रिक पुराव्याचे काम सप्टेंबरमध्येच सुरू झाले होते. १२ सप्टेंबरला ईशान्य कोपऱ्यातील तड्यांवर सहा ठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये काचेच्या पट्ट्या बसवल्या आणि प्रत्येकीवर तारीख लिहिली. भिंत हलली की काच तडकते, इतकी ही साधी पद्धत आहे. २० सप्टेंबरला एक पट्टी तडकली. त्याच आठवड्यात टेकू लावून झाले आणि त्यानंतर जानेवारीअखेर उरलेल्या पाचही शाबूत राहिल्या. या काळात काळी माती ओली-चिंब अवस्थेतून वाळत आली होती. तडे मातीच्या हंगामी हालचालीचे असते तर माती आक्रसताना आणखी काचा तडकायला हव्या होत्या.

याच मुद्द्याची दुसरी बाजू अहवालात अधिक ठळकपणे मांडली. काळ्या मातीच्या आक्रसण्याने पडणारे तडे उन्हाळ्यात उघडतात आणि पावसाळ्यात मिटू लागतात. हा तडा ऑगस्टच्या अखेरीस, माती पूर्ण फुगलेली असताना, एका रात्रीत चौदा मिलिमीटर उघडला होता. मातीच्या फुगण्यानेही भिंती तडकतात हे खरे, पण त्यात भिंत वर उचलली जाते. येथे पाणसळीने (पातळी तपासण्याच्या साधनाने) मोजले असता कोपरा बावीस मिलिमीटर खाली गेलेला होता.

१८ सप्टेंबरला कोपऱ्यावर तपासणीचा खड्डा घेण्यात आला. तीन दिवस आधी कंपनीला आणि सर्व्हेअरला ईमेलने तारीख व वेळ कळवली होती. कोणी आले नाही, परंतु तो ईमेल पुढे फार उपयोगी पडला. पुतण्याने भरलेला लाल मुरूम काढत गेल्यावर साधारण साडेचार फुटांवर पायाच्या दगडांची तळबाजू दिसली आणि तिच्याखाली पोकळी होती. मिस्त्रीने पालथे पडून कोपरापर्यंत हात आत घातला आणि जे हाताला लागले ते बाहेर काढत गेला. आधी बारीक वाळू निघाली, मग प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, आणि शेवटी मुळासकट उपटलेले कपाशीचे एक झाड. पाने कुजली होती, पण दोन बोंडे अजून हिरवट होती. बारा वर्षांपूर्वी बांधलेल्या पायाखाली चालू हंगामातील हिरवे बोंड जाण्याचा दुसरा कोणताही मार्ग नव्हता. त्या बोंडाचा मोजपट्टीसह काढलेला फोटो अहवालाच्या पहिल्या पानावर लावला. माझ्या लेखी बाकी सगळ्या मोजमापांपेक्षा त्याचे वजन जास्त होते.

तड्यांच्या आतल्या बाजूंचीही भिंगाने पाहणी केली. कोपऱ्यातील तड्यांच्या कडा स्वच्छ होत्या. तुटलेल्या विटेचा लाल कण मोकळा दिसत होता आणि आत धूळ, रंग किंवा जाळे काहीही नव्हते. स्वयंपाकघराच्या सांध्यावरील भेग खरवडल्यावर मात्र आत पुट्टी, तिच्यावर रंगाचे दोन थर आणि वाळवीची माती सापडली. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि खाली लिहिले की दुसरी भेग २०१९ पासूनची आहे.

पुरापूर्वी कोपरा चांगला होता हे दाखवायचे कशाने, हा प्रश्न मात्र बरेच दिवस सुटला नव्हता. उत्तर आप्पांच्या सुनेने दिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये आप्पांच्या धाकट्या मुलीचे लग्न मोजक्या माणसांत घरीच झाले होते आणि हळदीचा मांडव याच कोपऱ्याला बांधलेला होता. हळद लावलेल्या नवरीमागे अख्खी ईशान्य भिंत, खिडकीसह, एकही तडा नसलेली अशी अकरा फोटोंत दिसत होती. मोबाइलमधील तारखेसह ते फोटो जोडले गेले.

कागदांपैकी दोन महत्त्वाचे ठरले. पहिला तलाठ्याचा पंचनामा. पुरानंतर शासकीय मदतीसाठी केलेल्या या पंचनाम्यात ‘नाल्याच्या पुराच्या पाण्याने घराच्या कोपऱ्याखालील माती वाहून जाऊन भिंतीस तडे’ अशी नोंद होती. विमा दाव्याशी तलाठ्याचा काहीही संबंध नव्हता, म्हणूनच त्या ओळीला वजन आले. दुसरा कागद महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी असे महसुली गणित आहे आणि त्या रात्रीची नोंद त्याच्या वर होती.

डिसेंबर २०२१ मध्ये तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे निवेदन दिले. त्यात सर्वांत आधी दावा अर्जातील शब्दाची दुरुस्ती होती. अर्जदाराने बोलीभाषेत ‘खचणे’ हा शब्द ‘बसणे’ या अर्थाने वापरला असून हानीचे निकट कारण पुराच्या प्रवाहाने पायाखालील माती वाहून जाणे हे आहे, असे त्यात म्हटले. पाया मुरमापर्यंत नाही हेही मान्य केले, आणि त्याला उत्तर म्हणून लिहिले की हाच पाया बारा पावसाळे आणि बारा उन्हाळे उभा राहिला, तो गेला पुराच्या रात्री. वरच्या खोलीबाबत नकाशाच बोलका होता. ती पश्चिमेला होती, तडे ईशान्येला, आणि ज्या भिंतींवर जादा भार होता त्यांवर ओरखडाही नव्हता. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलेले तत्त्वही नमूद केले. घसाऱ्याबाबत एकच ओळ होती, ती म्हणजे ही पॉलिसी पुनर्स्थापनेच्या (पुन्हा पूर्ववत बांधण्याच्या) खर्चावर आधारित असून वजावट कोणत्या कलमाखाली केली ते कळवावे.

महिनाभरात आलेले उत्तर दोन ओळींचे होते आणि त्यात मूळ निर्णय कायम ठेवला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये लोकपालाकडे तक्रार दाखल झाली. तिची नोटीस गेल्यानंतर कंपनीने मार्चमध्ये आपणहून दुसरा सर्व्हेअर नेमला, आणि हा सर्व्हेअर स्थापत्य अभियंता होता. संयुक्त पाहणीत त्यांनी पत्रे टाकून उघडा ठेवलेला खड्डा स्वतः उतरून पाहिला, काचेच्या पट्ट्यांवरच्या तारखा वाचल्या आणि स्वयंपाकघराच्या भेगेजवळ बराच वेळ उभे राहिले. जे आम्ही लिहून दिले होते तेच त्यांना तेथे दिसले. कोपऱ्याबाबत त्यांनी नंतर फार प्रश्न विचारले नाहीत.

पाहणी झाल्यानंतर, सुनावणीची वाट न पाहता, एप्रिलमध्ये दुरुस्ती सुरू केली. तीन-तीन फुटांच्या टप्प्यांत पायाखाली मुरमापर्यंत खोदून काँक्रीट भरले, तडकलेल्या भिंती उतरवून पुन्हा बांधल्या आणि त्या बाजूला जोत्याची आरसीसी पट्टी घातली. सर्व बिले, मजुरीच्या पावत्या आणि दररोजचे फोटो ठेवले.

निष्पत्ती

मे २०२२ मध्ये दूरदृश्य पद्धतीने सुनावणी झाली आणि लोकपालांच्या मध्यस्थीने उभयपक्षी तडजोड झाली. फरशी, वीज, दारे आणि आवारभिंतीचे २,१८,००० रुपये घसारा न कापता मान्य झाले. ईशान्य कोपऱ्यासाठी ४,६५,००० पैकी ४,१०,००० मिळाले. उरलेले ५५,००० जोत्याच्या पट्टीचे होते आणि ती पूर्वी नव्हती, म्हणजे ती सुधारणा आहे, हा कंपनीचा मुद्दा बरोबर होता. या दोन्हींची बेरीज ६,२८,००० झाली. राडारोड्यासाठी तिच्या दोन टक्के, म्हणजे १२,५६०, आणि दुरुस्तीच्या आराखड्यापोटी अभियंत्याचे प्रत्यक्ष शुल्क २४,००० मिळाले. हे शुल्क पाच टक्क्यांच्या मर्यादेत बसत होते. दाव्यासाठी केलेल्या अहवालाचे शुल्क त्यात धरले गेले नाही. एकूण रक्कम ६,६४,५६० रुपये झाली. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराचे २,१५,००० नाकारले गेले.

पैसे मात्र थेट आप्पांच्या हातात आले नाहीत. पॉलिसीवर बँकेचे नाव असल्याने रक्कम आधी बँकेकडे गेली आणि ती कर्जखात्यात वळती करण्याऐवजी दुरुस्तीसाठी सोडावी म्हणून बिलांसह अर्ज करावा लागला. त्यात आणखी तीन आठवडे गेले. गवंड्याचे उरलेले पैसे जूनच्या मध्याला चुकते झाले.

वेगळे काय करता आले असते

दावा अर्जातील कारणाचा रकाना एजंटने भरला, हे आप्पांनी नंतर अनेकदा बोलून दाखवले. परंतु मला स्वतःला त्यात दोष दिसतो तो आमचाही. मी ५ सप्टेंबरला घर पाहिले होते आणि अर्ज ६ तारखेला गेला. अर्ज दाखवा, असे मी म्हटले असते तर तीन महिन्यांचा पत्रव्यवहार वाचला असता. त्या रकान्यात निष्कर्ष लिहूच नये. ‘३१ ऑगस्टच्या पहाटे पुराचे पाणी घरात सव्वातीन फूट चढले, प्रवाहाने ईशान्य कोपऱ्याजवळ सात फुटांचा खड्डा पडला, दुसऱ्या दिवशी तेथे तडे दिसले’ एवढा क्रम लिहिला असता तर तो कोणत्या कलमात बसतो हे ठरवण्याचे काम कंपनीकडे राहिले असते.

खड्डा भरण्यापूर्वी मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रीकरण झाले असते तर कपाशीच्या झाडाची इतकी गरज पडली नसती. तशी पोकळी सापडणे हा नशिबाचाही भाग होता. पुतण्याने मुरूम आणखी चांगला कोंबला असता तर तीही भरून गेली असती.

एक रक्कम आम्ही निव्वळ अज्ञानाने गमावली. घर राहण्यास अयोग्य असेपर्यंत पर्यायी निवासाच्या भाड्याचे संरक्षण या पॉलिसीत अंगभूत आहे. आप्पा आणि काकू सात महिने भावाच्या घरी राहिले, भाडे दिले नाही, आणि त्यामुळे मागायला काही उरले नाही. भावाकडे भाडे देऊन राहणे आप्पांना पटलेच नसते, ही गोष्ट वेगळी. पण गावातच दुसरी खोली भाड्याने घेण्याचा विचार तरी झाला असता. त्यासाठी घर राहण्यायोग्य नसल्याचे पत्र मी पहिल्याच आठवड्यात द्यायला हवे होते.

स्वयंपाकघराबाबत माझे मत आजही पूर्ण पक्के नाही. तेथील सगळेच नुकसान जुने नव्हते. न्हाणीघराची बाहेरची भिंत पुराच्या रात्रीच कलली, आणि कंपनीचा आक्षेप भरावाच्या जमिनीवर असला तरी पुराच्या कलमाखाली तो लागू होतो का, हा मुद्दा लोकपालांसमोर नेटाने मांडता आला असता. २०१९ ची भेग सांगितल्यामुळे ती बाब गेली असे मुलाला अजून वाटते. माझ्या मते ती भेग सांगितल्यामुळे कोपऱ्याचे चार लाख आले, परंतु जुने आणि नवे नुकसान वेगळे मोजून त्यातला नवा भाग स्वतंत्रपणे मागायला हवा होता. दोन्ही एकाच ओळीत लिहिण्याची चूक अंदाजपत्रक करताना माझ्याकडून झाली.

आप्पांनी २०२३ च्या उन्हाळ्यात ते स्वयंपाकघर पूर्ण पाडले आणि साडेसहा फुटांवर मुरूम लागेपर्यंत खोदून नव्याने बांधले. ते विमा रकमेत धरावे म्हणून कंपनीला वाढीव क्षेत्रफळ लेखी कळवले, आणि त्या पत्रासोबत चारही कोपऱ्यांचे तारखेसह फोटो जोडले.